आहे लिवलेलं, हाय वाचलेलं

माझा जन्म अक्कलकोटाकडचा, कर्नाटकाला लागून गाव हाय आमचं, घरात कन्नड आनी वेशीबाहेर मराठी, आनी शाळा म्हनाल तर दोन्हीतली कुठलीच न्हाय. बापाची यष्टी स्टँडावर चहाची टपरी व्हती, मी कपबशा विसळायची. कंडक्टर वरडायचा, चला सोलापूर सोलापूर, आनी मी गाडीच्या कपाळावरची पाटी बघायची. वरडनं कानात, पाटी डोळ्यात, असं रोज बघून बघून सोलापूर ह्यो शब्द मला अख्खा वळखू यायला लागला, लांबून मानूस वळखू येतंय तसा. मग एक दिवस लातूरची गाडी लागली आनी तिच्या पाटीवर त्योच ला गावला, सोलापुरातला. काय सांगू तुमाला, असा आनंद झाला, कपबशी हातातनं निसटली आनी बापाचा रट्टा बसला. तेवढीच माझी शाळा, ताई. आधी कानानं, मग डोळ्यानं.

लगीन करून सोलापुरात आले. मालक टॉवेलच्या कारखान्यात, ते गेले आता. मी शाळेत खिचडी शिजवायला लागले. शाळेचं नाव न्हाय घेत, कशाला उगं. तितं सहावी-सातवीची पोरं यायची, काहींना मिसरूड फुटाय लागलेलं, आनी अक्षर म्हनशीला तर येत न्हाय. वर्गावर वर्ग ढकलत आनलेली. त्येंच्यापुढं पहिलीचं पुस्तक ठेवलं की ती खिडकीतनं बाहेर बघायची, लाज वाटती की वो. आमचे हेडसर चांगले मानूस, मला पेपर वाचताना बघितलेलं त्येंनी. म्हनाले, आजी, तुमी दुपारच्याला ह्या पोरांना घेऊन बसा, जमंल तसं. तवा मी वाचनवाली आजी झाले, व्हरांड्याच्या टोकाला एक फळा आनी मी.

मी काय करायची, पोरगं जे बोलंल ते फळ्यावर लिवायची. त्येच्याच तोंडातलं, जसंच्या तसं. काय रं, आज काय झालं? आज्जी, आमचा बोकड हरवलाय. लिवलं, आमचा बोकड हरवलाय. वाच आता. आपलंच बोलनं हाय म्हनल्यावर पोरगं धाडधाड वाचायचं. तिथनं पुस्तकाकडं न्यायची हळूहळू. पुस्तकात आहे आलं की मी सांगायची, हे आपलं हायच हाय, शाळेचे कपडे घालून आलंय. पोरं हसायची. आनी तुमी लिवताय न्हवं, तर माझं बोलनं सरळ करू नका बरं, हाय तसं राहू द्या.

तर सौजन्याचं सांगते. सातवीतली पोरगी, विडी घरकुलातली, घरात तेलुगू. आई विड्या वळायची, बाप यंत्रमागावर. नावात न्या असलेली पोरगी, तिला स्वतःचं नाव लिवता यायचं न्हाय, सौजना लिवायची. मला अव्वा म्हनायची. आमच्या कन्नडात अव्वा म्हनजे आई, तिच्या तेलुगूत आजी, आमी दोगी तेवढ्यावरनं भांडायचो, मी म्हनायची आईच म्हन की गं, ती म्हनायची, आई हाय मला, तुमी म्हातारे. तिला मराठी यायची न्हायच म्हना, जी आली ती माझ्या तोंडातनं गेली. बोलायला लागली तशी लई लई करायची, कुटं, हितं, सगळं माझंच.

बाप एकदा शाळेत आला, उभ्या उभ्याच बोलला. म्हनला, ह्या वर्षी वाचाय आलं तर आठवीला पाठवतो, न्हायतर तिच्या मावशीकडं धाडतो, मावशीकडं शर्टांचं काज-बटनाचं काम येतंय. वाईट मानूस न्हवता. सात वर्षं शाळेत जाऊन पोरीला दुकानाची पाटी वाचाय येत न्हाय म्हनल्यावर त्यो तरी काय म्हननार? मी म्हनलं, दादा, मला हे वर्ष द्या. त्यो म्हनला, साहेब लोक तपासाया येत्यात न्हवं, ते काय म्हनतील तसं.

आनी पोरगी वाचाय लागली वो. खरंच लागली. दिवाळी झाली तसं धड्यातली वळ वाचायची आनी मान वर करून सांगायची, अव्वा, ह्यो राजा येडा हाय. वाचून राजा येडा हाय म्हनती म्हनजे झालं की, आनखी काय पायजे?

मग आली वाचनाची तपासनी. एक मॅडम आल्या, नव्या, तरनीताठी, बोलायला गोड. एकेका पोराला खुर्चीपुढं उभं करायच्या नि कागद द्यायच्या. सौजन्याला दिला. त्यावर लिवलेलं, आमच्या घरी एक गाय आहे. तिला खूप तहान लागली आहे. आमची सौजन्या खड्या आवाजात वाचती, आमच्या घरी एक गाय हाय. तिला लई तहान लागली हाय.

मॅडमनी फुल्या मारल्या.

मी दारात व्हते, मला राहवलं न्हाय. म्हनलं, मॅडम, वाचलं की तिनं. त्या म्हनाल्या, आजी, लिहिलंय खूप, ती म्हणते लई, हा अंदाज झाला, वाचन नाही. म्हनलं, खूपचा अर्थ कळल्याबिगर लई कुटनं आलं? त्या जरा थांबल्या. खरं सांगते, थांबल्या. पन हातातल्या कागदावर बरोबर आनी चूक एवढीच दोन घरं, मधलं घर न्हाय. म्हनाल्या, बरं, परत वाच बाळ, एक एक अक्षर बघून वाच.

आनी तितं पोरगी मेली माझी. बोट ठेवलं कागदावर, आ म्हनली, च्या म्हनली, म ऱ्हायलाच मधला. मग माझ्याकडं बघितलं. मला बोलायची बंदी. गायीपर्यंत पोचलीच न्हाय. मॅडम म्हनाल्या, बघितलंत? अक्षरापाशीच आहे अजून.

मधल्या सुट्टीत शिक्षक मंडळी सगळी बसलेली, सौजन्याची वर्गाची बाई मला म्हनती, आजीबाई, तुम्ही तर शाळेत गावठी कोंबड्या पाळल्यात. समदी हसली. मी बी सोडलं न्हाय, म्हनलं, बाई, गावठी अंडं महाग असतंय. तवाबी हसली. पन दोन दिसांनी हेडसरांनी बोलावलं, खुर्ची दिली, आनी खुर्ची दिली तवाच मी वळखलं. म्हनाले, आजी, पोरांच्या तोंडात तुमचं बोलनं बसतंय, वरनं विचारना हाय, आपन वर्ग थांबवू. म्हनलं, सर, मला आहे येतंय की. आधी वाचू तर द्या, आहे कुटं पळून चाललं व्हतं? सर खिडकीकडं बघाय लागले. त्या सातवीच्या पोरांसारखंच.

बापाला मी भेटले. घरी गेले त्येच्या. म्हनलं, दादा, पोरीला वाचाय येतंय, माझ्यावर इस्वास ठेवा. त्यो म्हनला, आजी, शाळाच म्हनती येत न्हाय, मी अडानी मानूस, शाळेच्या पुढं कसा जाऊ? सौजन्या आतनं ऐकत व्हती. मी हाक मारली, ये, बापाला वाचून दाखव, भिंतीवर कॅलेंडर व्हतं. आली न्हाय. म्हनली, मला येत न्हाय.

येत न्हाय म्हनली, ताई. ती फुली मला लागली न्हाय एवढं हे लागलं.

आता ती मावशीकडं असती. शाळेच्या पटावर नाव हाय, पोरगी न्हाय. शर्टांना बटनं लावती, शाळेचेच शर्ट असत्यात, आपल्या सोलापुरात गणवेशांचाच धंदा, दुसरं काय शिवत्यात. परवा बाजारात भेटली, उंच झालीया, हातात मोबाईल. अव्वा म्हनून बिलगली. म्हनलं, मला दोन अक्षरं तरी लिवून धाडत जा गं त्येच्यावर. हसली. म्हनली, अव्वा, लिवायचं कशाला, हे दाबून बोललं की त्येच लिवतंय, आनी आलेलं बी हेच वाचून दाखवतंय. दाबून दाखवलं मला. आतली बाई बोलली, शुद्ध बोलली, एक चूक न्हाय.

मी म्हनलं, सुखी ऱ्हा बाई. दुसरं काय म्हननार, सांगा तुमी.