निवायच्या आत

ताई : भट्टीतला तिसरा घाणाही नापास, काका. हा बघा लोहचुंबक. ढिगावरून चारदा फिरवला, जेमतेम चिमूटभर चिकटलं.

काका : कोळसा ओला असेल.

ताई : कोळसा मीच तपासला. खडखडीत कोरडा आहे.

काका : मग खनिजच हलकं. दगडच जास्त, लोखंड नावाला.

ताई : हलकं आहे म्हणूनच तर कोळशाबरोबर भाजतो ना? लाल खनिज काळं झालं की चुंबक लोखंड उचलतो, दगड मागे राहतो. प्रयोगशाळेत नवी आले तेव्हा हे तुम्हीच शिकवलंत मला.

काका : बसा तरी आधी. उभ्याउभ्या किती भांडाल?

ताई : हा खडा फोडलाय मी. आत काळाकुळकुळीत, वरून लाल. म्हणजे भाजला नीट होता, पण गरम असतानाच वारा लागून पुन्हा लाल झाला. पिंपात सहा तास निवायच्या आत कुणीतरी झाकण उघडलं. तुमच्या हातून अशी चूक, काका?

काका : चूक नाही ती.

ताई : म्हणजे?

काका : घाणा पास झाला की तुमची चिठ्ठी शिपाई खिडकीत टाकून जातो. नापास झाला की तुम्ही स्वतः येता.

ताई : काय बोलताय हे!

काका : ही गेल्यापासून घरात भिंतींशी बोलतो मी. इथे भट्टीचा धडधडाट. आठवड्यात चार वाक्यं माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तुम्ही. फार एकटं वाटतं हो. लाज वाटते सांगायला.

ताई : अहो, उद्या साहेब भट्टीला कुलूप ठोकणार आहेत. अकरा जणांचं काम जाईल.

काका : कुलूप? मला वाटलं, फार तर पुन्हा भाजायला लावतील.

ताई : आता मी काय लिहू?

काका : खरं ते लिहा. खनिज नेहमीचंच, कोळसा चांगला, झाकण भट्टीवाल्याने उघडलं. भट्टी वाचेल.

ताई : आणि तुम्हाला घरी बसवतील.

काका : करावं तसं भरावं.

ताई : नुसती हाक मारली असतीत तरी आले असते मी.

काका : काय कारण सांगून मारणार होतो?

ताई : ...निघते मी. पाचच्या आत अहवाल द्यायचाय.

काका : ताई, इथेच बसून लिहा ना. मी मध्ये बोलणार नाही.