जांभळे होणार होते ते प्रवाळ

...आणि वर मलाच विचारतात, "काका, एवढ्याशा खड्यासाठी इतका जीव कशाला टाकायचा?" खडा नव्हे हो तो, प्रवाळ आहे, जिवंत प्राणी आहे, आणि तुम्हाला सांगतो, गेल्या पाच महिन्यांत या वीतभर प्राण्याने माझी जी दैना केली, ती चाळीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाला साधली नव्हती. आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची काचेची टाकी आहे. माझी नव्हे, कन्येची. तिची बदली दूरच्या बंदरावर झाली, तिथल्या घरमालकिणीला टाकी चालत नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. म्हणजे टाकी आली, कन्या आली नाही. टाकीत दोन नारिंगी मासे आणि मधोमध हे प्रवाळ, फांद्याफांद्यांचे, रंग म्हणाल तर तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा. आमची ही म्हणाली, "दुकानातून आणलं तेव्हा जांभळं होतं म्हणे. परत तसं व्हावं असं तिला फार वाटतं." झाले, मी तत्क्षणी ठरवले की ती सुट्टीवर येईल त्या दिवशी प्रवाळ जांभळे असेल.

आता हा उत्साह कुठून आला, तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी तिने चांगली कायमची नोकरी सोडून समुद्रातल्या जीवांचा अभ्यास धरला, तेव्हा मी चार पाहुण्यांदेखत म्हणालो होतो, "मासे मोजण्याचा कोणी पगार देते का?" ती म्हणाली, "देतात, बाबा." तेव्हापासून आमचे बोलणे तिच्या आईमार्फत चालते. तिकडून विचारणा होते, "बाबांचा गुडघा कसा आहे?" इकडून उत्तर जाते, "दुखतोय, पण कबूल करत नाहीत." ते वाक्य मी केव्हाच मागे घेतले असते, परंतु चूक झाली असे म्हणण्याची मला सवय नाही, कारण तसा प्रसंगच फारसा आलेला नाही. तेव्हा मनात आले की आपण काही बोलूच नये, प्रवाळाचा रंग आपल्या वतीने काय ते बोलेल. आता यात माझे काय चुकले, ते तुम्हीच सांगा.

मी कोणतीही गोष्ट वाचल्याशिवाय करत नाही. अकरा पुस्तके वाचली, टिपणे काढली, समासात खुणा केल्या. निष्कर्ष असा की प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, पाण्यात माशांच्या खाण्यापिण्याचा मळ वाढला की ते शेवाळ फोफावते आणि त्याच्या तपकिरी रंगाखाली मूळचा रंग झाकला जातो. अर्थात मळ कमी, प्रकाश जास्त. सरळ हिशेब. मग मळाचे मूळ शोधले, तर ते आमच्या स्वयंपाकघरात निघाले. ही दिवसातून चार वेळा माशांना खायला घालत होती.

"अहो, ते माझ्याकडे बघतात."

"त्यांना पापण्या नाहीत. ते सगळ्यांकडेच बघतात."

"तुम्ही जेवताना पेपरात बघता, ते निदान माझ्याकडे बघतात."

खाण्याचा डबा माझ्या कपाटात गेला आणि किल्ली खिशात. दोन दिवसांतून एकदा चिमूटभर. आठवड्यातून दोनदा पाणी बदलणे, बादल्या मी उचलायच्या, गुडघा माझाच. दिवा चाळीस टक्क्यांवरून थेट नव्वदवर. रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून मळाचा, म्हणजे नायट्रेटचा, आकडा वहीत लिहायचा. वीस, बारा, सहा, दोन, आणि एके दिवशी शून्य. शून्य गुण मिळाल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कोणाला झाला नसेल. मत्स्यालयाचा दुकानदार म्हणाला, "काका, शून्य नका हो करू, जरा राहू द्या." मी म्हणालो, "आपण विकता, मी वाचतो." आता यात माझे काय चुकले?

आणि रंग पालटू लागला की हो. चहाचा रंग फिका झाला, मग त्यावर कोवळी जांभळट झाक, मग ती झाकही इतकी हलकी की रेशीम वाटावे. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पाहायला आले, दिव्यापुढे वाकून म्हणाले, "वा, काय शुभ्र होत चाललंय, काय वापरता?" मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण या गृहस्थाला पांढऱ्यापलीकडे रंगच पसंत नाही. पण मी काय केले, तर छायाचित्र काढून कन्येला धाडले, खाली एकच ओळ: "रंग सुधारत आहे."

चार मिनिटांत फोन. हिला नव्हे, मला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी घसा साफ केला, नम्रपणे स्वीकारायची दोन वाक्ये मनात जुळवली.

"बाबा, नायट्रेट किती आहे?"

"शून्य," मी म्हणालो, आणि किंचित थांबलो, कौतुकाला जागा असावी म्हणून.

"बाबा, ते उपाशी आहे."

"कोण?"

"कोरल. त्या मळावरच त्याच्या आतलं शेवाळ जगतं, आणि शेवाळावर ते. रंग सुधारलेला नाही, उडालाय. मरायला टेकलंय ते. तुम्ही माझे कागद वाचले नाहीत का?"

कागद. टाकीबरोबर तिने हाताने लिहिलेले चार कागद पाठवले होते. आता तुम्हाला सांगतो, टाकी आली त्या दिवशी टाकीखालचे मेज एका बाजूला बोटभर कलत होते, पाणी एका अंगाला चढलेले दिसत होते, आणि हाताशी जाड घडी होईल असे तेवढेच काही होते. मी अकरा पुस्तके वाचली हो, पण ती पुस्तके होती. घरच्या मुलीने लिहिलेले काही वाचायचे असते, हे डोक्यातच आले नाही.

"तिसरं पान काढा, बाबा."

"निघणार नाही."

"का?"

"त्यावर दोनशे लिटर पाणी उभे आहे."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटले, ती रडते आहे. मग म्हणाली, "वही घ्या. सांगते, लिहा." आणि मी लिहिले. दिवा खाली, मासे दोन वेळा पोटभर, आकडा पाचच्या आसपास. "जगेलच असं नाही," म्हणाली. "रोज साडेसहाला फोन करते, आकडा सांगायचा." डबा हिच्या हाती दिला तेव्हा हिने तो पदराने पुसून घेतला, आणि तेच जास्त लागले.

अर्धे प्रवाळ गेले. त्या फांद्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या, आता त्यांवर हिरवे शेवाळ चढते आहे, आणि मी समोर बसलो की नजर नेमकी तिथेच जाते. उरलेल्या अर्ध्याने मात्र हळूहळू रंग धरला. रोज साडेसहाला फोन. "किती?" "तीन." "बरं. गुडघा?" "दुखतो." एवढेच संभाषण, पण आईमार्फत नव्हे. मग आकडा पाच झाला, चार दिवस पाचच राहिला, आणि ती म्हणाली, "छान, आता स्थिर आहे. उद्यापासून रोजची गरज नाही."

सत्तर वर्षांत मी वहीत खोटा आकडा लिहिलेला नाही. वहीत अजूनही लिहीत नाही. तोंडी सांगितला, "आज दोनच दिसतो आहे."

"दोन? मग खाणं वाढवा. उद्या साडेसहाला बघू."

आता तिने सांगितलेले मोडायचे नाही, म्हणून खाणे वाढवावे लागते. तीन वेळा, चार वेळा, परवापासून पाच. मासे फुगले आहेत, ही खुशीत आहे, खरा आकडा तिशीला टेकला आहे, तोंडी मात्र दोन. आणि रंगाचे विचाराल, तर टाकी आमच्या घरी आली त्या दिवशी प्रवाळ जेवढे तपकिरी होते, त्याहून काकणभर जास्तच आहे.