हरला त्यानं प्यायचं

नोकरी लागली म्हणून मी दोस्तांना पार्टी दिली, तो किस्सा ऐका. आमच्या गडचिरोलीत दारूबंदी, म्हणून वैनगंगा ओलांडून चंद्रपूरच्या हद्दीत बसलो. ग्लास एकच होता. खेळ ठरला, आकडे मोजत जायचे, सातच्या पाढ्यातला आला की टाळी वाजवायची. चुकला त्यानं ग्लास रिकामा करायचा.

पहिला मीच चुकलो. पेलो.

मग विनायक चुकला, आमच्या गावच्या पाटलाचा नातू. मी ग्लास भरायले लागलो, तर त्यानं ओंजळ पुढं केली.

"हातातच ओत ना बे."

"काऊन? ग्लास हाय ना."

"अशी प्यायले मजा येते," तो म्हणाला, पण माझ्याकडे पाहिलं नाई.

बाकीचे हसले. त्यानंतर जो चुकला, त्यानं ओंजळच धरली. ग्लास माझ्यापुढंच राहिला.

माझ्या आज्यानं पाटलाच्या विहिरीवर जन्मभर असंच ओंजळीनं पाणी पेलं होतं.

विनायक पुन्हा चुकला तवा मी बाटली घेऊन उभा राह्यलो, आणि त्याचा आजा माझ्या आज्याले जेवढ्या लांबून पाणी ओतायचा, तेवढ्याच लांबून त्याच्या ओंजळीत धार सोडली.