साळवे मॅडमनी नाकारलेलं दूध

मंडळी, समोर एवढे डॉक्टर, साहेब लोक बसलेत, अन् बोलायला उठवलंय मला. मी पडेगावचा गवळी. म्हशींशी बोलायची सवय, माइकशी नाय. जमंल तसं सांगतो.

आपल्या जनावरांच्या लॅबमधल्या साळवे मॅडम सोमवारी हार्ट अटॅकनं गेल्या.

दुष्काळाचं साल होतं. टँकरचं पाणी, विकतचा चारा. माझ्या म्हशी पाठोपाठ गाभडायला लागल्या, दिवस भरायच्या आधीच गर्भ पडायचे. मी म्हणलो, चाऱ्याचा दोष. मॅडम तपासायला आल्या. आमची रीत अशी, दारी आलेल्याला धारोष्ण दुधाचा गिलास. नव्या फ्लॅटमधले लोक त्याच्यासाठी पोरं घेऊन गाडीनं येत्यात. मॅडम म्हणल्या, "मामा, कच्चं नको." मला लई राग आला. आमच्या दारचं दूध नको?

त्या विचारत राहिल्या, "घरात कोण कोण पितं?"

म्हणलो, सगळेच. सून पोटुशी आहे, ती तर रोज सकाळी, धार काढली की तिथंच.

मॅडमचा चेहराच बदलला. म्हणल्या, "नुसत्या रक्तावरून कळत नाय मामा, लस दिलेल्या जनावराच्या रक्तातही रोग असल्यासारखं दिसतं. दुधात त्या जंतूचं जनुकच शोधते."

मी म्हणलो, "म्हणजे जंतूची कुंडली काढता व्हय?"

"व्हय. अन् ह्या कुंडलीला दक्षिणा नाय."

निकाल आला तसा फोन नाय केला, स्वतः आल्या. म्हशींचं नाव नाय काढलं. आल्या आल्या, "सून कुठंय?" दोन म्हशींच्या दुधात गर्भ पाडणारा जंतू निघाला होता. तो माणसालाही धरतो, हे मला ह्या वयात कळलं. सुनेच्या अंगात कसकस होतीच. आम्ही म्हणायचो, दिवस गेल्यावर व्हायचंच. मॅडमनी तिला गाडीत बसवलं, दवाखान्यात नेलं. तिच्या रक्तातही तोच. औषध लगेच सुरू झालं.

मी आपला रडत होतो, "मॅडम, गिऱ्हाईक तुटंल हो!"

"तुटू द्या. गिऱ्हाईक पाहिजे का सून?"

म्हशी वेगळ्या बांधल्या, कच्चं दूध बंद केलं. गिऱ्हाईक तुटलंच. मॅडम मात्र सुनेचं बाळंतपण होईपर्यंत येत राहिल्या.

आता मॅडमसाठी दोन मिनिटं गप उभं राहू. एक सांगतो. मागं सुनेच्या कडेवर माझी नात आहे. ती गप राहायची नाय. तिला कुणी बाहेर नेऊ नका. ओरडली तर ओरडू द्या.

उठा, मंडळी.