कडक बटणं

लॅपटॉप विक्री-दुरुस्तीच्या दुकानात शिक्षिकाबाई आपल्या नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. पुढे काउंटरशी एक नवरा-बायको होते. ऑपरेशनमध्ये नवऱ्याचा आवाज गेलेला. तो टाइप करी आणि लॅपटॉप ते बोलून दाखवी.

दुकानदाराने बायकोपुढे एक लॅपटॉप ठेवला. “हा बघा काकू, बटणं अगदी लोण्यासारखी. बोटांना त्रास नाही.”

“आधीचाही असाच होता. धूळ शिरली आणि ‘न’ उमटेना. डॉक्टरांनी विचारलं, डोस वाढवू का? यांनी लिहिलं ‘नको’, मशीन बोललं ‘को’. त्यांनी ऐकलं ‘हो’. दोन दिवस गुंगीत होते हे.”

“मग हा घ्या. बटणं जाड, वर्षानुवर्षं बिघडत नाहीत. पण जोर लावावा लागतो.”

“यांची बोटं सुजतात हो. दहा ओळींत दमतील.”

“दोन्ही एकात नाही मिळत, काकू.”

“अहो, तुम्हीच सांगा आता. वापरायचा तुम्हाला आहे.”

नवऱ्याने जाड बटणांचा लॅपटॉप पुढे ओढला. एकेक बटण दाबायला त्याला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

“हाच घे. कमी बोलेन, पण जे बोलेन ते माझं असेल.”

“कमी बोलणार म्हणे. द्या हो बांधून, यांचं मन बदलायच्या आत.”