कुलूपबंद लॅपटॉप

जुन्या लॅपटॉपचं म्हणशील, तर आमच्या देवळ्याच्या मामांनी एक घेतलेला. त्यांच्या मुलाला बघायला पाहुणे येणार, म्हणून टेबलावर हवा. पण आधीच्या मालकाने अख्खी डिस्कच कुलूपबंद केलेली, त्यामुळे चालू केला की नुसता पासवर्ड मागायचा.

मी म्हटलं, "मामा, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो."

सीडी घालतोय, तोच पाहुणे दारात. मुलीच्या वडिलांनी स्क्रीन बघून विचारलं, "हे काय मागतंय?"

"पासवर्ड," मामा म्हणाले. "पोराचं कामच तसं हाय. घरच्यांनाबी उघडता येत नाय."

मुलाचं शिक्षण विचारायचं राहूनच गेलं आणि सोयरीक ठरली. पाहुणे गेल्यावर मी पुन्हा सीडी घालायला गेलो, तर मामांनी माझा हात धरला.

"आता नको. लग्न लागेपर्यंत राहू दे कुलूप."