दौलतच्या बैठकीतली कैरी

जमलेल्या भावांनो, बायांनो,

तुमची आठवण फारच पक्की आहे. इतकी वर्षं मला ओळखता, आणि काल घरी कागद आणून दिलात, "आजी, शोकसभेत हे वाचून दाखवा." मला अक्षर येत नाही, हे एकाच्याही ध्यानात राहिलं नाही? कागद उलटा धरून चार गोष्टी बोलले असते, तरी माना डोलावल्या असत्या तुम्ही. म्हणून मी सांगितलं, नातीने लिहिलं, आणि तीच वाचते आहे. लिहिताना तिने माझ्या बोलीला जरा इस्त्री केली. मी शेजारीच बसले आहे. दौलतचं नाव घेतलं की मला रडू फुटतं, बोलणं तिथेच राहतं. पण बोलायला तर हवंच. कारण त्याच्या तीन साथीदारांनी शनिवारच्या वाजवण्याच्या बैठका बंद करायचं ठरवलं आहे, आणि मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

दौलत क्लॅरिनेट वाजवायचा. घुग्घुसच्या लग्नाच्या बँडमध्ये त्याची जवानी गेली. एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, लोक नाचून राह्यले, पण ऐकून कोणीच नाई राह्यलं." मग त्याने तिघांना धरलं. सनईवाला सुखदेव, खाणीतली पाळी करून येणारा मारोती, आणि मोहर्लीच्या जंगलात पाहुण्यांना वाघ दाखवायला जिप्सी चालवणारा लच्चू. या दोघांच्या बासऱ्या. ढोल नाही, भोंगा नाही. चौघांच्या चार चाली, पण एका घरातल्या माणसांसारख्या एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या.

पहिली बैठक आठवते? शाळेच्या वर्गात झाली. नसेलच आठवत, झोपला होतात. जागे होते ते दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले होते. टाळी कधी वाजवायची माहीत नाही. खोकला आला तर गिळायचा. संपल्यावर मी विचारलं, "काऊन रे दौलत, आम्ही काय परीक्षेले बसलो होतो?"

तो हिरमुसला. "मंग कसं करू, बाई?"

"माह्या अंगणात ये. बायाइले हातातलं काम आणू दे. हात रिकामे राह्यले की आमचं ध्यान चुलीकडे जाते."

शनिवारी उन्हं कलताच बसलो, म्हणजे वाघ फिरायच्या वेळेआधी ज्याने त्याने घरी जावं. दिवस कैऱ्यांचे होते, आजच्यासारखेच. बायांनी विळ्या आणल्या, टोपल्या आणल्या. चौघे वाजवत होते, आम्ही फोडी करत होतो. एखादी फोड मिठात बुडवून तोंडात. थोड्या वेळाने क्लॅरिनेट गुळगुळ करायला लागलं. मग सनई. मग दोन्ही बासऱ्या अडखळल्या. मला वाटलं, नवी चाल आहे. मी तर वाहवा केली!

दौलतने वाद्य खाली ठेवलं, दुपट्ट्याने तोंड पुसलं. "बाई, हात जोडतो. तुम्ही कैरी चावून राह्यल्या अन् आमच्या तोंडाले पाणी सुटून राह्यलं. पत्ती बुडाली ना माही!" पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी, ती फार भिजली की सूर बुडतो.

अंगणभर हसू पसरलं. तेही हसले. त्यानंतर त्या अंगणात कोणी परीक्षेला बसल्यासारखं बसलं नाही. कायदा एवढाच झाला, तांदूळ निवडा, वाती वळा, काहीही करा, पण वाजवणं संपेपर्यंत आंबट नाही. दौलत आधी सांगायचा, "आज फक्त लच्चूच्या बासरीचा पदर धरा. ती जाईल तिकडे जा." अशी आम्हाला वाट सापडली. क्लॅरिनेटही हातात द्यायचा. मी फुंकलं, तर वासरू हंबरलं. "जमून राह्यलं, बाई," म्हणाला. खोटारडा.

कैरी त्याला फार आवडायची. "माह्यासाठी ठेव," म्हणायचा. वाद्य पुसून पेटीत ठेवून येईपर्यंत टोपली रिकामी. मी म्हणायचे, पुढच्या शनिवारी नक्की. किती उन्हाळे असे गेले. तुम्हाला विसरभोळे म्हणते, पण हे मीच विसरत गेले.

आता तुम्ही तिघं. मागच्या रांगेत लपू नका. काल निरोप धाडलात, "क्लॅरिनेटबिना कोण ऐकन?" कोण म्हणजे? आम्ही कोण आहोत रे? आम्हाला ऐकायला शिकवलं कोणी? तिघं वाजवा. चौथी चाल आमच्या कानात आहे, ती आम्ही धरतो. चुकलात तर आता आम्हाला कळेलही. त्याला माझा इलाज नाही, दौलतला बोला. तुम्हाला रडू आलं तर मध्येच थांबा. कैरीने थांबला होतात तेव्हा कोणी उठून गेलं होतं का?

वाजवणं संपलं की दौलत क्लॅरिनेट तसंच ओठाला धरून ठेवायचा. न फुंकता, एक लांब श्वासभर. त्याचा हात खाली येईपर्यंत सुपातली माझी बोटं थांबायची. उठा, आणि तेवढेच गप्प राहा. घड्याळ बघू नका.

आणि शनिवारी माझ्या अंगणात कोणी काय पाठवायचं तेही ऐकून ठेवा, नाहीतर विसराल. खालच्या आळीने भात पाठवा, वरच्या आळीने वरण. वरणात चिंच नको. लोणचं कोणीच पाठवू नका. कैरीची एकच वाटी पाठवा, दौलतच्या जागेवर ठेवायला. वर ताटली झाका, म्हणजे तिघांच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. मीठ मात्र जरा जास्त लावा. त्याला आता पत्ती सांभाळायची नाही.